परमुलखातले मन : भिवंडीच्या वाटेवरील एक इतिहास

भिवंडीचा इतिहास सांगू लागले की आपण बहुधा सुतापासून सुरुवात करतो. हातमाग कधी आले, विजेचे साचे कधी खडखडू लागले, कापडाला तेजी केव्हा आणि मंदी केव्हा, एवढे बोलून झाले की गावाचा इतिहास संपला असे आपल्याला वाटते. माल कोठून आला हे जकातनाक्याच्या दप्तरात सापडते. पण त्या मालामागून जी माणसे आली, ती घर सोडताना मनाने कशी होती आणि येथे आल्यावर त्यांच्या मनाचे काय झाले, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. आजचा विषय ती नोंद हा आहे. ती पुष्कळशी विस्कळीत आहे, तेव्हा श्रोत्यांनी थोडे सांभाळून घ्यावे.

घर सुटल्याने माणूस आजारी पडतो, ही गोष्ट आपल्या आयाबायांना ठाऊक होतीच. वैद्यकाच्या ग्रंथात तिला जागा मिळाली ती १६८८ साली. योहानेस होफर नावाच्या तरुणाने स्वित्झर्लंडमधील बासेलच्या विद्यापीठात प्रबंध लिहिला आणि घरच्या ओढीला रोगाचे नाव दिले. त्याने सांगितलेली एक हकीकत मोठी बोलकी आहे. बर्नहून बासेलला शिकायला आलेला एक विद्यार्थी खंगत खंगत मरणाच्या दारी पोचला. त्याला घरी न्यायचे ठरले, आणि घर गाठण्याआधी वाटेतच तो सुधारू लागला. बर्न ते बासेल हे अंतर ते किती! आपल्याकडे आझमगढचा माणूस पंधराशे किलोमीटर दूर येऊन साच्यावर उभा राहतो, त्याचे काय होत असेल याची कल्पना श्रोत्यांनीच करावी. पुढे १९३२ साली नॉर्वेच्या अडेगार्ड या मानसरोगतज्ज्ञाने असे दाखवले की, अमेरिकेत मिनेसोटा प्रांतात जाऊन राहिलेल्या नॉर्वेकरांत वेडाचे प्रमाण मायदेशी राहिलेल्यांपेक्षा ठळकपणे अधिक होते. त्या स्वभावाची माणसेच मुळात देश सोडतात, असा त्याचा कल होता. नंतरच्या संशोधकांनी परमुलखातील एकटेपणा व हेटाळणी यांना अधिक दोष दिला. मला स्वतःला नंतरच्यांचे म्हणणे अधिक पटते.

आता आपल्या गावाकडे वळू. १८५७ च्या धामधुमीनंतर उत्तरेकडील मोमीन विणकर आग्रा रस्त्याने दक्षिणेकडे सरकले. काही बऱ्हाणपुरास थांबले, काही मालेगावास, काही थेट भिवंडीपर्यंत आले. ही माणसे एकेकटी आली नाहीत. नातलग आणि शेजारी बरोबर घेऊन आली. त्यामुळे मोहल्ला हाच त्यांचा वैद्य झाला. कोणी गप्प गप्प राहू लागला, कोणाची झोप उडाली, तर ओट्यावर बसणाऱ्या चार वडीलधाऱ्यांच्या ते ध्यानात येई. पुढे विजेचे साचे वाढले, आणि १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपानंतर तर मुंबईचे कितीतरी काम इकडे वळले. तेव्हा उत्तर प्रदेश, बिहार आणि तेलंगणातून जे लोक आले त्यांतले बरेचसे सडेच आले. त्यांच्यासाठी भिस्सी होती. आपण जिला भिशी म्हणतो ती पैशांची, ही जेवणाची. महिन्याचे पैसे भरायचे आणि दोन वेळा पंगतीत बसायचे. रोज त्याच ताटाला बसणारा माणूस दोन दिवस दिसला नाही तर भिस्सीवाला चौकशी करी. तो ती उधारीच्या काळजीने करी हे मान्य. पण चौकशी होई, हे महत्त्वाचे.

मुंबईच्या गिरणगावातही हेच घडले होते. कोकणातून आणि घाटावरून आलेले गडी एकेका गावाच्या खोलीत दाटीवाटीने राहत, खानावळवालीकडे जेवत आणि शनिवारी भजनाला बसत. भजन देवासाठी असे हे खरे, पण आठवड्याचा कोंडमारा त्यात मोकळा होई हेही तितकेच खरे. आणि एक मनुष्य आपण विसरतो: टपाल कचेरीबाहेर बसणारा पत्रलेखक. निरक्षर गडी त्याच्यापुढे उकिडवा बसून बोलत असे आणि हा लिहीत असे. बायकोला काय कळवायचे, आईपासून काय लपवायचे, हे सारे त्या परक्या माणसाच्या कानांवरून जाई. १८८० साली मनिऑर्डर सुरू झाली, तिच्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळी लिहायला जागा असे. ‘मी खुशाल आहे’ हे वाक्य त्या जागेत किती वेळा लिहिले गेले असेल, आणि त्यांतले खरे किती असेल, हे त्या पत्रलेखकांनाच ठाऊक. पुढे १९११ साली ना. म. जोशी यांनी सोशल सर्व्हिस लीग काढली. तिने कामगारवस्तीत वाचनालये आणि रात्रशाळा चालवल्या. मनाच्या आरोग्याचे नाव त्या कामाला कोणी दिले नाही. परंतु पांढरपेशा घरांतली माणसे संध्याकाळचा वेळ देऊन चाळीत जाऊन बसत, ही गोष्ट आमच्या प्रांतात नवी होती.

सरकारी बाजू काय होती? १९०१ साली ठाण्यात नरोत्तमदास माधवदास यांच्या नावाचे मनोरुग्णालय उभे राहिले. ‘ह्याला ठाण्याला पाठवा’ हा थट्टेचा वाक्प्रचार तिथूनच आला, आणि सव्वाशे वर्षे झाली तरी तो आपल्या जिभेवरून गेलेला नाही. १९१२ च्या कायद्याने भटकणाऱ्या वेड्याला पोलिसांनी धरावे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे आणि त्याच्या हुकुमाने आत पाठवावे, अशी रीत घातली. रीत सोपी होती. अडचण पुढे येई. माणूस आत गेला आणि औषधपाण्याने बरा झाला, तरी त्याला परत कोठे पाठवायचे? तो बोलतो ती भाषा मराठी नाही, गावाचे नाव सांगतो ते नकाशात चटकन सापडत नाही, आणि घरचे लोक तो मेला असे समजून बसलेले. मुकादमाला तो कोण हे ठाऊक असायचे, पण मुकादम रुग्णालयाच्या दाराशी कशाला येईल? भिंतीच्या आत डॉक्टर होते. भिंतीपासून घरापर्यंतच्या वाटेवर मात्र कोणी नव्हते. १९८७ चा कायदा आला, २०१७ चा त्याहून उदार कायदा आला. यांतल्या पहिल्या कायद्यानेच भटकणाऱ्या रुग्णाला ‘पकडणे’ जाऊन त्याला ‘संरक्षणाखाली घेणे’ आले. तरी ती वाट सरकारी हुकुमाने चालता येत नाही.

ती वाट चालणारे लोक मुंबईतच निघाले. भरत आणि स्मिता वाटवानी हे मानसोपचारतज्ज्ञ दांपत्य. रस्त्याच्या कडेला करवंटीने गटाराचे पाणी पिणारा एक तरुण त्यांना दिसला. त्याला त्यांनी आपल्या इस्पितळात नेले. तो बरा झाल्यावर कळले की हा आंध्रातला, चांगल्या घरचा आणि शिकलेला मुलगा आहे. त्यातून १९८८ साली श्रद्धा पुनर्वसन संस्था उभी राहिली, आणि २००६ साली कर्जतजवळ तिचे केंद्र झाले. या संस्थेचे खरे वैशिष्ट्य औषधात नाही; औषधे इतरत्रही तीच असतात. बरा झालेला रुग्ण बरोबर घेऊन तिचे कार्यकर्ते आगगाडीत बसतात, बिहार, ओरिसा, बंगालमधले गाव शोधतात आणि त्याला घरच्या उंबरठ्यावर नेऊन पोचवतात. असे हजारो लोक घरी गेले. २०१८ साली वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ऐकणारा माणूस डॉक्टरच असला पाहिजे असे नाही, हा धडा जगाने जरा उशिरा घेतला. १९५३ साली लंडनमध्ये चॅड व्हारा या पाद्र्याने आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी दूरध्वनी ठेवला. भेटीला येणाऱ्यांना चहा द्यायला काही साधी माणसे बसत. पाहतो तो पुष्कळजण चहावाल्यांशी बोलूनच हलके होऊन परत जात! मग त्याने ऐकण्याचे काम त्यांच्याकडेच सोपवले. त्याच लंडनमध्ये, भाषा आणि संस्कृती न जाणणाऱ्या डॉक्टरपुढे आपले आशियाई लोक मुके होतात हे ओळखून, कलकत्त्यात जन्मलेल्या जाफर करीम यांनी १९८३ साली नफ्सियात हे केंद्र काढले. आपल्याकडे १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी यांनी ठाण्यात मानसिक आरोग्याची संस्था सुरू केली, आणि तज्ज्ञांच्या जोडीला शिकवून तयार केलेले स्वयंसेवक घेतले. ज्या ठाण्याच्या नावाने आपण थट्टा करीत होतो, त्याच ठाण्यात आपल्या पायांनी चालत जाऊन मन मोकळे करता येते, हे लोकांना तेव्हा कळले.

भिवंडीने या इतिहासात एक स्वतंत्र पान घातले आहे, आणि ते भयाविषयीचे आहे. १९७० आणि १९८४ या दोन्ही वर्षी मे महिन्यात येथे दंगली झाल्या. दंगलीचा हिशेब आपण मृतांत आणि जळालेल्या घरांत करतो. पण पुढे कित्येक वर्षे रात्री दार वाजले की छाती धडधडते, त्याचा हिशेब कोण ठेवतो? १९८८ साली पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्या काढल्या. दोन्ही समाजांतली साधी माणसे आणि हवालदार एकत्र बसू लागले, भांडणे आणि अफवा तिथल्या तिथे मिटवू लागले. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. शासनव्यवहाराचे अभ्यासक याला बंदोबस्ताचा प्रयोग म्हणतात. मी त्याला मनाची शुश्रूषा म्हणतो. कोणी हसले तरी हरकत नाही.

आता पूर्णा. ठाणे-भिवंडी रस्त्यावरचे हे गाव आणि त्याच्या शेजारची काल्हेर, राहनाळ, वळ ही गावे काल-परवापर्यंत भाताची होती. मुंबईची जकात चुकवता यावी म्हणून व्यापाऱ्यांनी इकडे गोदामे बांधली, आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर जकात गेली तरी गोदामे वाढतच राहिली. येथे येणारा हमाल किंवा माल बांधणारा पोरगा बहुधा ठेकेदारामार्फत येतो. त्याला मोहल्ला नाही, गावाची खोली नाही, पुष्कळदा भिस्सीही नाही. पत्रलेखकाची जागा खिशातल्या फोनने घेतली आणि २०१५ साली जुनी मनिऑर्डरही बंद झाली; आता ‘मी खुशाल आहे’ हे तो स्वतःच सांगतो आणि ऐकणारा तिसरा कोणी उरत नाही. २०२० साली टाळेबंदी झाली तेव्हा हीच माणसे नाशिकच्या रस्त्याने पायी निघाली. मेच्या आरंभी भिवंडी रोड स्थानकातून गोरखपूरला विशेष गाडी सुटली, तोवर कित्येकजण वाट तुडवीत घाट चढून गेले होते. पोटासाठी निघाले असे आपण म्हणालो. पण डाळतांदूळ वाटणाऱ्यांनीच सांगितले की, शिधा हाती घेऊनही माणसे थांबत नव्हती. होफरचा विद्यार्थी येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ हा क्रमांक फिरवला की अनेक भारतीय भाषांत बोलता येते. क्रमांक चांगला आहे; तो त्या पोराच्या हाती कोण देणार, एवढाच प्रश्न आहे. नाशिक जिल्ह्यात २०१३ पासून ‘आत्मीयता’ नावाच्या कामात याचे एक उत्तर करून पाहिले गेले. गावातलीच, लोकांच्या विश्वासातली माणसे निवडली, त्यांना ऐकायला शिकवले, आणि कोणाला दवाखान्यात न्यायचे, कोणाला सरकारी योजनेपर्यंत पोचवायचे हे समजावून दिले. पूर्ण्यात चाळीचे भाडे घेणारा घरमालक आहे, गोदामासमोरचा चहावाला आहे, किराणा उधार देणारा दुकानदार आहे. त्यांतल्या बऱ्याच जणांना हिंदी उत्तम येते, आणि कोणत्या खोलीतला कोण तीन दिवस कामावर गेला नाही हे त्यांना ठेकेदाराच्या आधी कळते.