साखळी आणि पट्टा

भडगावसारख्या तालुक्याच्या गावात गाडी सहसा नवी येत नाही. आधी ती मुंबईत धावलेली असते, मग नाशकात, मग जळगावात कुणा डॉक्टरांकडे. चौथ्या हाताला ती गिरणाकाठच्या एखाद्या घरासमोर येऊन लागते आणि तिथून पुढे बारा-पंधरा वर्षं लग्नाची वऱ्हाडं, आखाजीला माहेरी येणाऱ्या लेकी, लिंबाच्या गोण्या आणि रात्री-अपरात्रीचं आजारपण असं सगळं वाहते. ही गाडी किती जगणार, हे बऱ्याचदा एका न दिसणाऱ्या वस्तूवर ठरतं. आज त्या वस्तूबद्दलच थोडं.

इंजिनात खाली एक क्रँकशाफ्ट असतो, पिस्टन त्याला फिरवतात. दुसरा कॅमशाफ्ट, तो व्हॉल्व्ह उघडतो नि मिटतो. खालचा दोनदा फिरला की दुसऱ्याने बरोब्बर एकदा फिरायचं. हा हिशेब चुकला की संपलं! दोघांना बांधून ठेवायला एक तर लोखंडी साखळी लागते, नाही तर रबरी दातेरी पट्टा. काही इंजिनांत नुसते गिअर असतात, पण ते राहू द्या.

आपल्याकडे सुरुवात साखळीने झाली. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढे कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट बाहेर पडू लागल्या. आधीची ती गोलमटोल 'डुक्कर फियाट', मग १९६४ पासून ११०० डिलाइट. तीच १९७० च्या दशकात नाव बदलून प्रीमियर पद्मिनी झाली. इंजिन १०८९ सीसीचं, कॅमशाफ्ट खालीच ब्लॉकमध्ये, आणि दोघांच्या मध्ये छोटीशी साखळी. तिकडे बंगालात उत्तरपाड्याला तयार होणाऱ्या अँबॅसेडरच्या जुन्या ब्रिटिश इंजिनातही साखळीच.

साखळीचा स्वभाव मोठा प्रामाणिक. ती झिजते, सैल पडते, आणि तसं सांगते. सकाळी गाडी सुरू केली की पुढून खडखड यायला लागते. म्हणजे लगेच काही होत नाही, पण आता माझ्याकडे बघा, असं ती म्हणत असते. जुन्या मिस्त्रींची सगळी विद्या या आवाजावर उभी होती. लांब पान्याचं एक टोक इंजिनाला लावायचं, दुसरं कानाला. यंत्र नाही, संगणक नाही. मालकाने तारीख लक्षात ठेवली नाही तरी चालायचं, कारण गाडीचा इतिहास गाडीच्याच तोंडून ऐकू यायचा.

पट्ट्याची गोष्ट वेगळ्याच घरात सुरू झाली. १९४० च्या दशकात अमेरिकेत गिल्मर कंपनीने दातेरी रबरी पट्टा बनवला, तो सिंगरच्या शिवणयंत्रासाठी! आपल्याकडच्या पायमशीनचा चामडी पट्टा घसरतो, तेव्हा वेग कमी होतो एवढंच. दाते असलेला पट्टा मात्र घसरत नाही, म्हणून मोजूनमापून फिरवायच्या कामाला तो चालतो. १९६२ मध्ये जर्मनीच्या ग्लास कंपनीने आपल्या १००४ या मोटारीत तो कॅमशाफ्टसाठी लावला. हलका, स्वस्त, आवाज नाही, तेलही नको. पुढच्या वीस वर्षांत छोट्या गाड्यांमध्ये तो सगळीकडे पसरला.

भारतात घरोघरी तो पोचवला मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी दिली गेली. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, कॅमशाफ्ट वर हेडमध्ये आणि बाजूला प्लास्टिकच्या झाकणाआड पट्टा. त्याच इंजिनाची ओम्नीही आली. १९९८ च्या डिझेल इंडिकातही पट्टाच होता. फियाटवर हात बसलेल्या मिस्त्रींना ही इंजिनं म्हणजे खेळणी वाटायची.

खरा बदल मात्र कानाच्या बाबतीत झाला. आमच्याकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी तो एका वाक्यात सांगितला होता, "साखळी बोलस भो, पट्टा मुका शे." पट्टा शेवटच्या किलोमीटरपर्यंत गप्प राहतो आणि मग तुटतो. काही इंजिनांत पट्टा तुटला तर गाडी नुसती थांबते. पण काहींत, विशेषतः डिझेलमध्ये, वर येणारा पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. व्हॉल्व्ह वाकतात, हेड उघडावं लागतं, आणि पाव वर्षाची शिल्लक एका दुपारीत जाते. म्हणून साधारण ६० हजार ते १ लाख किलोमीटरच्या दरम्यान पट्टा बदलायला सांगतात. आकडा गाडीगणिक वेगळा असतो.

पण या आकड्यात आपल्या भागासाठी एक फसगत आहे. रबर नुसतं पळून म्हातारं होत नाही, पडून राहूनही होतं. त्यात खान्देशातला ४५ अंशांचा मे महिना! गावातली गाडी वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालते, मीटर बघितला तर पट्टा तरुण वाटतो. प्रत्यक्षात त्याला दहा वर्षं झालेली असतात. किलोमीटर आणि वर्षं यांतलं जे आधी भरेल ते खरं.

मग साखळीच बरी, असं म्हणावं का? कंपन्यांनाही तसं वाटलं. २००७ च्या स्विफ्ट डिझेलमध्ये साखळी होती, २००८ पासून मारुतीच्या के-सिरीज पेट्रोल इंजिनांतही ती परत आली. "आयुष्यभर बघायला नको" असं लोक एकमेकांना सांगू लागले. पण ही साखळी जुन्या फियाटची नव्हे. ती लांब आहे, आणि तिला ताणून धरणारा टेन्शनर बहुधा तेलाच्या दाबावर चालतो. ऑईल बदलायला टाळाटाळ केली की तीही ढिली पडते, आणि तिचा खर्च पट्ट्याच्या कितीतरी पट. म्हणजे पट्टा तारीख मागतो, साखळी तेल मागते. फुकट कुणीच राबत नाही.

२९ ऑक्टोबर २००३ ला मुंबईत ताडदेवला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी वीस वर्षं पुरी झाल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून उतरली. ती हरली वयाच्या नियमाला. खासगी गाडीला पंधरा वर्षांनंतर पुन्हा नोंदणी करता येते, पण एप्रिल २०२२ पासून त्याची फी ६०० वरून ५,००० झाली. शहरातल्या माणसाला तो गाडी विकायचा इशारा वाटतो. गावात ज्याच्याकडे दुसरी गाडी घ्यायला पैसे नाहीत, त्याच्यासाठी तो फक्त आणखी एक खर्च.

मला यात इतिहासाचीच गोष्ट दिसते. साखळीच्या काळात आठवण मिस्त्रीच्या कानात असायची, ती गाडीबरोबर हात बदलत जायची. पट्ट्याने ती कागदावर आणली. आणि नेमका तो कागदच चौथ्या मालकापर्यंत पोचत नाही. आरसी बुक येतं, विम्याचा कागद येतो, पट्टा कधी बदलला ते मात्र कुणीच सांगत नाही.

तेव्हा मंडळी, जुनी गाडी घेतलीत आणि तिला पट्टा असेल, तर विकणाऱ्याच्या शब्दावर राहू नका. सीट कव्हर, टेप वगैरे नंतर. आधी पट्टा बदला, सोबत त्याचा टेन्शनरही, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला रंगाने तारीख नि किलोमीटर लिहून ठेवा. पाचव्या मालकाला तुमचं नाव माहीत नसेल, पण एवढी ओळ त्याच्या उपयोगाची ठरेल.