यात अनोखं काय?

 

पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकताच नगरच्या एका दैनिकात लागलो होतो. डिसेंबरात बातम्यांचा दुष्काळ. एका चर्चमध्ये टाळ, पेटी, तबला घेऊन भजन चाललं होतं. फोटो काढला, चार ओळी लिहिल्या आणि वर शीर्षक ठोकलं, 'ख्रिस्ती बांधवांचा अनोखा उपक्रम : येशूचे भजन'. स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी ऑफिसात फोन. निवृत्त शिक्षिका होत्या. म्हणाल्या, "बाळा, यात अनोखं काय? माझे आजोबा हेच भजन म्हणायचे. तुला आज दिसलं म्हणून ते आज सुरू झालं का?"

उत्तर नव्हतं. संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी चहा दिला आणि लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' हातात ठेवली. त्यानंतर ना. वा. टिळकांनी माझा पिच्छा सोडलेला नाही.

आपल्याला रेव्हरंड टिळक शाळेत भेटतात ते फुलामुलांचे कवी म्हणून. त्यांचं ख्रिस्ती होणं पुस्तकातल्या परिचयात एका ओळीत उरकलेलं असतं. खरी गोष्ट त्या ओळीत आहे.

जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव, चित्तपावन घर. नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एक युरोपियन गृहस्थ भेटले, त्यांनी बायबल वाचायला दिलं. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले ते अडकलेच. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. तोही गोऱ्या मिशनऱ्याकडून नव्हे, तर मुद्दाम रेव्ह. तुकाराम नाथोजी या देशी पाळकाच्या हातून. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इकडे घरी आकांत. लक्ष्मीबाईंचं माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचं. वडील असे सोवळ्याचे की बाजारातून आणलेलं मीठसुद्धा धुऊन घेत. त्या घरची मुलगी, आणि नवरा ख्रिस्ती झाला. चार-साडेचार वर्षं त्या मुलाला घेऊन वेगळ्या राहिल्या. मग नगरला नवऱ्याकडे आल्या, पण आपला धर्म घेऊन. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. मिशनच्या आवारात एक सोवळं आणि एक बाप्तिस्मा असा संसार चालला. टिळकांनी सक्ती केली नाही. मला त्यांच्या सगळ्या कवितांपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. नवऱ्याने धर्म बदलला की बायकोने मुकाट मागे जायचं, हाच तेव्हाचा रिवाज होता (आजही फार वेगळं आहे असं नाही).

पुढे राहुरीला असताना लक्ष्मीबाई जातीचा विचार करायला लागल्या. जनावरांच्या जाती देवाने केल्या, त्या डोळ्यांना दिसतात. माणसांमाणसांत तसं काही दिसत नाही, मग या जाती केल्या कुणी? शिक्षण जेमतेम, पण तर्क वकिलाचा. त्या दिवसापासून कुणाच्याही हातचं खायचं-प्यायचं ठरवलं. बाप्तिस्मा झाला १९०० साली. म्हणजे आधी माणसाच्या हातचं पाणी, मग धर्म.

इथपर्यंतची गोष्ट वेगळी वाट धरणाऱ्या कुणाचीही असू शकते. सनातनी समाजाने वाळीत टाकलं, यांनी सोसलं. पण टिळकांना दुसऱ्या बाजूलाही वेगळं व्हावं लागलं, आणि ते जास्त अवघड होतं.

मिशनच्या आवारातही एक संस्कृती होतीच. विलायती चालींवरची भाषांतरित गीतं, साहेबी शिस्त, मिशनचा पगार, आणि शेवटचा शब्द गोऱ्या माणसाचा. टिळक तिथे अभंग घेऊन उभे राहिले. तुकोबांच्या पुलावरूनच मी ख्रिस्तापर्यंत पोचलो, असं ते उघड सांगत. हे त्यांनीच पहिल्यांदा केलं असंही नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यात बसून मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' रचलं आणि ते १६१६ साली छापून आलं. तेव्हा शिवाजी महाराजांचा जन्मही व्हायचा होता. मी मात्र चारशे वर्षांनी 'अनोखा' म्हणून बातमी लावत होतो!

टिळकांची कितीतरी गीतं 'उपासना संगीत'मध्ये आहेत आणि मराठी चर्चमध्ये आजही म्हटली जातात. 'ज्ञानोदय'चं संपादन त्यांनी केलं. देशभक्तीच्या कविता लिहिल्या. मिशनऱ्यांवर त्यांचं प्रेम होतं, त्यांच्याशी मैत्री होती. पण ख्रिस्त आणि साहेब ही एकच वस्तू नाही, हे ते त्यांच्याच पगारावर राहून सांगत होते. माझ्यासारख्या पगारी माणसाला यातली गोम लगेच कळते.

शेवटी १९१७ साली ती नोकरी सोडली. वय पंचावन्नच्या पुढे. संन्यास घेतला, साताऱ्याला गेले आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून चालणार होते. आपला समाज सोडून मिशनच्या आवारात येण्याची अट नव्हती. हिंदूंना हे पटणं कठीण, चर्चमधल्यांना त्याहून कठीण. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले आणि त्यांच्यामागे दरबार फार टिकला नाही. अर्धवट राहिलेलं 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुढे नेलं.

आता एक कबुली. मीसुद्धा टिळकांचीच गोष्ट सांगतोय, कारण ती लिहिलेली आहे. नगर जिल्ह्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग वस्त्यांमधून आले, बरेचसे १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागे. धान्यासाठी धर्म बदलला, असा टोमणा त्यांना अजून ऐकावा लागतो. ब्राह्मण कवीने बदलला तर तो आत्म्याचा शोध, वेशीबाहेरच्याने बदलला तर पोटाचा. पोटही नसेल असं मी म्हणत नाही. पण ज्याला देवळात पाय ठेवायची बंदी होती, त्याला एका छपराखाली सगळ्यांबरोबर बसायला मिळणं ही आत्म्याची गोष्ट नाही का? लक्ष्मीबाईंना ज्या पाण्यापर्यंत पोचायला वर्षं लागली, ते पाणी यांच्याच हातचं होतं.

आणि त्यांचा हिशोब अजून मिटलेला नाही. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, १९९० मध्ये बौद्ध. ख्रिस्ती झालेला दलित आजही बाहेर आहे. त्याच्या धर्मात जात नाही, असं कागद म्हणतो. गावात त्याची जात सगळ्यांना पाठ असते.

परवा धर्मांतरावरची एक चर्चा टीव्हीवर पाहत होतो. एक पाहुणे म्हणाले, हे लोक मनाने परदेशी असतात. समोर बसलेल्या कुणालाही टिळक आठवले नाहीत.

त्या शिक्षिका आता नाहीत. पुस्तक मी परत केलं नाही, त्यांनीही कधी मागितलं नाही. बातमीची चूक दुरुस्त करणारी दोन ओळींची चौकट छापू या, म्हणून तेव्हा वरिष्ठांकडे गेलो होतो. ते म्हणाले, "यात चूक काय आहे?" चौकट छापली गेली नाही.