स्पाथारिस, एवगेनिओस

(२ जानेवारी १९२४–९ मे २००९). ग्रीक छायानाट्यकार, बाहुल्यांचे रेखक व चित्रकार. अथेन्सच्या उत्तरेकडील किफिसिया या उपनगरात जन्म. वडील सोतिरिस स्पाथारिस (मृत्यू १९७४) हे कारागियोझिस या नावाने प्रसिद्ध असलेल्या ग्रीक छायानाट्याचे मान्यवर कलावंत असल्यामुळे पडद्यामागची दिवाबत्ती, बाहुल्यांची कापणी, जाहिरातफलकांचे रंगकाम आणि पात्रागणिक बदलणारे आवाज हे सारे विद्याधन त्यांना घरातच लाभले.

या कलेचे मूळ उस्मानी तुर्कांच्या कारागोझ या छायानाट्यात आहे, याविषयी अभ्यासकांत आज फारसा मतभेद उरलेला नाही. तुर्कांकडे ते इजिप्तमधून आले की अधिक पूर्वेकडून, हा प्रश्न मात्र वादग्रस्त आहे. स्वतंत्र ग्रीसमध्ये नाफ्प्लिओ या बंदरात १८४१ साली असा खेळ झाल्याचा उल्लेख तत्कालीन वृत्तपत्रात आढळतो. यानिस व्राखालिस याने तो १८६० च्या सुमारास कॉन्स्टँटिनोपलहून पिरेअसला आणला, असे परंपरा सांगते. त्याला खरे ग्रीक रूप देण्याचे श्रेय बहुधा पात्रासच्या दिमित्रिओस सार्दूनिस ऊर्फ मिमारोस याला दिले जाते. चर्चमध्ये स्तोत्रगायन करणाऱ्या या कलावंताने १८९० च्या सुमारास तुर्की खेळातील अश्लील भाग गाळला, निरनिराळ्या ग्रीक प्रांतांची बोली व पेहराव असलेली पात्रे त्यात आणली आणि तुर्की अंमलातील ग्रीक रयतेची कैफियत मांडण्याचे सामर्थ्य त्याला दिले. पुढील पिढीत अथेन्सच्या आंतोनिस मोलास (१८७१–१९४९) याने या खेळाला राजधानीत प्रतिष्ठा मिळवून दिली. त्याच्या खेळांच्या संहिता लुई रूसेल या फ्रेंच विद्वानाने १९२१ साली प्रसिद्ध केल्या. एरवी हे नाट्य सर्वस्वी मौखिक परंपरेने चालत आलेले असल्यामुळे या संहितांचे मोल विशेष आहे.

रंगमंचाची रचना ठरलेली असते. पांढऱ्या कापडी पडद्याच्या डाव्या टोकाला नायकाची मोडकी झोपडी आणि उजव्या टोकाला पाशाचा किंवा वजिराचा सराई अर्थात राजवाडा असतो. या दोहोंमधील मोकळ्या जागेत कुबड असलेला, अनवाणी, ठिगळांच्या कपड्यांतला, सदैव भुकेला कारागियोझिस अनेक सांध्यांचा आपला लांब हात उगारत वावरतो. फर्मानाची दवंडी पिटणारा व सत्तेपुढे वाकणारा मित्र हाजियावातिस, डोंगराळ मुलखातून आलेला धिप्पाड मेंढपाळ मामा बार्बा-योर्गोस, झाकिन्थोस बेटावरचा उंच टोपीतला सरदार सिओर दिओनिसिओस, पिरेअसचा गुंड स्ताव्राकास, पाशाचा अल्बानियन शिपाई वेलिंगेकास, शिवाय पत्नी आग्लाया व तितकीच उपाशी मुले हा नेहमीचा परिवार. प्रत्येक पात्राच्या प्रवेशाचे गीत, चाल आणि बोलण्याचा हेल वेगळा असतो. मदतनीस बाहुल्या धरतात, क्वचित गायक वेगळा असतो. पण सर्व पात्रांचे आवाज मुख्य कलावंत एकटाच काढतो. त्याचे कौशल्य प्रेक्षक प्रथम जोखतो ते येथेच.

प्रस्तुत नोंदीच्या दृष्टीने बाहुल्यांची घडण अधिक महत्त्वाची आहे. जुन्या ग्रीक बाहुल्या पुठ्ठ्याच्या असत. त्यांत नाजूक जाळी कोरली जाई आणि पडद्यावर काळी आकृती व तिच्यातून पाझरणाऱ्या प्रकाशाच्या रेघा दिसत. नंतर कातडी आणि पुढे पारदर्शक कृत्रिम पदार्थ वापरात आले व त्यांच्याबरोबर पडद्यावर रंग अवतरला. तुर्की बाहुलीहून ग्रीक बाहुली आकाराने मोठी आणि पडदाही अधिक रुंद. बाहुलीच्या वरच्या भागात बिजागरी बसविण्याची युक्ती निघाल्यावर पात्राला चटकन पाठ फिरविता येऊ लागली, तोवर त्याला मागे जायचे तर उलट पावलीच सरकावे लागे. या एका सुधारणेने संवादाची आणि मारामारीची गतीच पालटली. एवगेनिओस स्पाथारिस यांची या क्षेत्रातील रेषा ठसठशीत, रंग उजळ आणि वेशभूषेचा तपशील भरघोस आहे. त्यांच्या आवाजाची वाखाणणी सर्वांनीच केली आहे. परंतु त्यांच्या समकालीनांत त्यांना वेगळे काढणारा गुण हाताचा आणि डोळ्याचा होता, असे त्यांची चित्रे व बाहुल्या एकत्र पाहिल्यावर म्हणावेसे वाटते.

हा वारसा वडिलांचा. खेळाच्या ठिकाणी टांगण्यासाठी सोतिरिस मोठे जाहिरातफलक रंगवीत, आणि यानिस त्सारूखिससारख्या चित्रकाराला त्या लोकचित्रकलेचे मोठे आकर्षण होते. कारागियोझिस कलावंतांच्या १९२५ साली स्थापन झालेल्या संघाच्या प्रवर्तकांतही सोतिरिस यांची गणना होते. त्यांचे आत्मवृत्त १९६० साली अथेन्समध्ये प्रसिद्ध झाले व १९६७ साली त्याचा इंग्रजी अनुवाद निघाला. अल्पशिक्षित कलावंताने बोलीभाषेत लिहिलेला हा ग्रंथ या व्यवसायाचा आतून लिहिलेला दुर्मीळ दस्तऐवज आहे. ज्यांना विद्वानांनी दीर्घकाळ विचारात घेतले नाही अशा फिरत्या कलावंतांचे कष्ट, दारिद्र्य आणि स्वाभिमान तेथे कोणत्याही अलंकाराविना उतरले आहेत. ग्रंथाचा एक भाग खेळाच्या तंत्रालाच वाहिलेला आहे. एवगेनिओस यांच्या बालपणीचे वातावरण समजून घेण्यास याहून चांगले साधन नाही.

एवगेनिओस यांचा पहिला व्यावसायिक खेळ १९४२ साली, म्हणजे जर्मन व इटालियन फौजांच्या ताब्यातील ग्रीसने भीषण दुष्काळाचा हिवाळा नुकताच सोसला होता अशा वेळी झाला. भूक हाच ज्याचा स्थायीभाव, त्या नायकाशी त्या वर्षीच्या प्रेक्षकाचे नाते किती निकटचे असेल, हे सांगावयास नको. युद्धानंतर चित्रपटाने उघड्यावरच्या छायानाट्याचा प्रेक्षक ओढून नेला आणि अनेकांचा रोजगार बुडाला. स्पाथारिस यांनी या काळात खेळ नव्या ठिकाणी नेला. १९५० च्या सुमारास रालू मानू हिच्या नृत्यसंस्थेने मानोस हाजिदाकिस यांच्या संगीतावर शापित सर्पाच्या कथेचे नृत्यनाट्य बसविले, त्याची दृश्यरचना स्पाथारिस यांची होती. पुढे त्यांनी ध्वनिमुद्रिका काढल्या. १९६६ मध्ये ग्रीसमध्ये दूरचित्रवाणी सुरू झाल्यानंतर तिच्यावरील त्यांच्या खेळांवर मुलांच्या अनेक पिढ्या वाढल्या. परदेशांतही त्यांनी पुष्कळ खेळ केले. दूरचित्रवाणीसाठी खेळ आखूड करावा लागला, प्रेक्षकांशी होणारी उत्स्फूर्त सवालजबाबाची देवघेव नाहीशी झाली आणि मोठ्यांचे नाट्य बव्हंशी मुलांचे झाले, हा आक्षेप निराधार नाही. पण पर्याय विस्मृतीचाच होता.

प्रमुख खेळ : महान अलेक्झांडर आणि शापित सर्प हा त्यांच्या नावाशी विशेष निगडित झालेला परंपरागत खेळ. सर्पाला मारणाऱ्यास वजिराची कन्या देण्याचे फर्मान निघते. एकेक पात्र आपल्या प्रांताच्या ऐटीत येते आणि पराभूत होते. अखेर मॅसिडोनियाचा अलेक्झांडर चिलखत घालून उस्मानी दरबाराच्या दारी अवतरतो व सर्पाचा वध करतो. आणि कारागियोझिस त्या पराक्रमावर आपला हक्क सांगतो. संत जॉर्जच्या आख्यायिकेची छाया येथे स्पष्ट आहे. कालविपर्यासाची यत्किंचितही क्षिती न बाळगता तीन युगे एका पडद्यावर आणणारी ही रचना लोकप्रतिभेचा उत्कृष्ट नमुना होय. याखेरीज १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धातील वीरांवरचे खेळ, तसेच कारागियोझिस वैद्य, लेखनिक, भटारी इत्यादी सोंगे घेतो ते प्रहसनात्मक खेळही त्यांच्या संग्रही होते.

चित्रकला : रंगचित्रांची प्रदर्शने ग्रीसमध्ये व बाहेर.

कारागोझची नोंद तुर्कस्तानच्या वतीने युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत २००९ साली झाली. ग्रीसमध्ये त्यावर नाराजीचे सूर उमटले. स्पाथारिस तेव्हा हयात नव्हते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात अथेन्समध्ये एका कार्यक्रमास गेले असता पायऱ्यांवर पडून त्यांच्या डोक्यास इजा झाली व काही दिवसांतच त्यांचे निधन झाले. मारूसी येथील स्पाथारिओ छायानाट्य संग्रहालय त्यांनी तेथील नगरपालिकेच्या सहकार्याने विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात उभे केले. पितापुत्रांच्या बाहुल्या, दृश्यफलक आणि रंगविलेल्या जाहिराती तेथे जतन केलेल्या आहेत.