गॅदरिंगचा इतिहास शोधताना झालेली एक चूक

संशोधन आराखडा समितीसमोर मांडला तेव्हा पहिला प्रश्न आला, "मॅडम, हा विषय आहे की टाइमपास?" सगळे हसले, मीही हसले. माझ्या आराखड्याचं शीर्षक होतं 'सोलापूर शहरातील महाविद्यालयीन स्नेहसंमेलने : 1940 ते 2004'. प्रश्न विचारणाऱ्यांचं फारसं चुकलं नव्हतं. गॅदरिंग म्हटलं की फिल्मी डान्स, साडी डे, शेलापागोटे आणि शेवटच्या रांगेतल्या शिट्ट्या हेच आठवतं. यात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे, हे मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. आज थोडंफार सांगता येईल. तुमच्यापैकी जे पेट देऊन विषय शोधताहेत त्यांच्यासाठी हे लिहितेय, कारण मी केलेली एक चूक तुम्हालाही होऊ शकते.

आधी वर्षांचं बघू. 1940 आणि 2004 का? 1940 साली सोलापुरात दयानंद कॉलेज सुरू झालं, 1953 साली संगमेश्वर. आणि 1 ऑगस्ट 2004 रोजी सोलापूर विद्यापीठ स्थापन झालं, जे आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांच्या नावाने आहे. एकाच जिल्ह्यापुरतं असलेलं हे विद्यापीठ. म्हणजे माझ्या अभ्यासाचा सगळा काळ सोलापूरला स्वतःचं विद्यापीठ नसण्याचा काळ आहे. गावातली मुलं परीक्षा द्यायची ती आधी मुंबई विद्यापीठाची. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ झालं, मग 1962 मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. एकाच कॉलेजचे कागद या चार ठिकाणी विखुरलेले असू शकतात. ही गोष्ट मला आराखडा मंजूर झाल्यावर कळली, तुम्ही आधी बघा. विषयाची कालमर्यादा ठरवताना "सोयीचं वाटलं म्हणून" एवढं कारण पुरत नाही. ती सुरुवात आणि तो शेवट का, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे आणि त्या काळाचे कागद कोणाच्या कपाटात आहेत हेही माहीत पाहिजे.

गॅदरिंग ही कल्पना आपल्याकडे इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, हे सगळेच सांगतात. पण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुण्यात एकूणच 'जमण्याचे' नवे प्रकार तयार होत होते. 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, 1878 साली लोकहितवादी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथकारांचं संमेलन भरलं. जत्रा, लग्न, कीर्तन यांपलीकडे, एका विषयासाठी ओळखीच्या-अनोळखी माणसांनी एका जागी बसायचं, कोणीतरी अध्यक्ष व्हायचं, शेवटी आभार मानायचे, ही सवय त्या पिढीने लावली. कॉलेजातली नाटकंही याच वातावरणातली. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं, त्यांचे सहकारी वासुदेव बाळकृष्ण केळकर यांनी 'टेमिंग ऑफ द श्रू'वरून 'त्राटिका' लिहिलं. दोघेही फर्ग्युसनमध्ये शिकवत होते. शिकवणाराच नाटक लिहितो, हे तेव्हा कुणाला टाइमपास वाटलं नसावं. (समितीत हे उत्तर सुचायला हवं होतं. घरी आल्यावर सुचलं, नेहमीप्रमाणे.)

सोलापुरात हे सगळं आलं ते बरंच उशिरा आणि वेगळ्या गावात. हे गिरण्यांचं गाव. जुनी मिल 1877 पासून चालू. घरी तेलुगू, गल्लीत कन्नड, बाजारात मराठी, शेजारी उर्दू, अशा चार भाषांत वाढलेली मुलं एका स्टेजवर येणार. शिवाय जानेवारी महिना इथे रिकामा नसतो. 12 जानेवारीला चार हुतात्म्यांचा दिवस : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना 1931 साली याच तारखेला येरवड्यात फाशी झाली. पुढे 1985 पासून हीच तारीख राष्ट्रीय युवा दिन झाली, त्यामुळे आमच्या कॉलेजांत त्या दिवशी दोन कार्यक्रम एकाच हारात उरकतात. लगेच संक्रांत, सिद्धरामेश्वरांची यात्रा, नंदीध्वज, अक्षता सोहळा आणि होम मैदानावरचा गड्डा. गड्डा चालू असताना गॅदरिंगला कोण येणार? माझ्या कॉलेजात तर आम्ही सरळ म्हणायचो, गड्डा उठला की गॅदरिंग.

आता मुख्य मुद्दा. सुरुवातीला माझा प्रश्न होता, 'कोणकोणते कार्यक्रम होत असत?' या प्रश्नाला उत्तर मिळतं, पण ती यादी होते. एकांकिका, गायन, रांगोळी, पाककला, आनंद बाजार, पारितोषिक वितरण. प्रत्येक वर्षी तेच. सहा महिने मी असली यादी करत बसले होते. मग माझ्या मार्गदर्शकांनी एकच विचारलं, "या पानाखाली सही कोणाची आहे?"

कॉलेजच्या वार्षिक अंकात शेवटी अहवाल असतात : जिमखाना, वादविवाद मंडळ, स्नेहसंमेलन. जुन्या अंकांत स्नेहसंमेलनाच्या अहवालाखाली विद्यार्थ्याची सही असते, 'जनरल सेक्रेटरी' म्हणून. पुढच्या अंकांत तीच जागा 'स्नेहसंमेलन प्रमुख, प्रा. अमुक' यांना जाते. विद्यार्थी खाली, 'विद्यार्थी प्रतिनिधी' म्हणून, कधी तर तोही नाही. हा बदल कधी आणि का झाला, हा माझा खरा विषय ठरला.

त्याची कारणं कॉलेजच्या बाहेर आहेत. एकेकाळी जी.एस., यू.आर., एल.आर., सी.आर. ही पदं मतदानाने भरायची. जी.एस.च्या निवडणुकीत आमदारकीसारखा प्रचार व्हायचा, मारामाऱ्याही व्हायच्या. 1989 साली मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वादात एका विद्यार्थी नेत्याचा खून झाला आणि या निवडणुका बंद करण्याच्या मागणीला जोर आला. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने थेट निवडणूक गेली. वर्गात सगळ्यात जास्त मार्क पडलेला विद्यार्थी आपोआप प्रतिनिधी, बाकी क्रीडा, सांस्कृतिक, एन.एस.एस., एन.सी.सी. आणि दोन विद्यार्थिनी प्राचार्यांनी नेमायच्या, आणि या सगळ्यांनी मिळून एक सचिव निवडायचा. 2016 च्या कायद्यात निवडणुकीची तरतूद परत आली, पण तरतूद आणि मतपेटी यांतलं अंतर तुम्ही कॉलेजात असाल तर बघितलंच असेल.

मारामाऱ्या थांबल्या हे बरंच झालं, त्याबद्दल मला कुरकुर करायची नाही. पण गॅदरिंगपुरतं बोलायचं तर फी पावतीवर 'स्नेहसंमेलन शुल्क' तसंच राहिलं आणि ते कुठे खर्च करायचं हे ठरवणारा माणूस बदलला. पहिला आलेला मुलगा अभ्यासू असतो. मंडपवाल्याशी घासाघीस करायला, रुसलेल्या नाटकवाल्यांना समजवायला त्याला निवडलेलं नसतं. साहजिकच ते काम प्राध्यापकांकडे गेलं.

दुसरं कारण युवा महोत्सव. आंतरविद्यापीठ युवक महोत्सव पहिल्यांदा 1954 साली दिल्लीत तालकटोरा बागेत झाला. आज प्रत्येक विद्यापीठाचा स्वतःचा असतो : संगीत, नृत्य, वाङ्मय, नाट्य, ललित कला असे पाच विभाग, मूकनाट्य पाच मिनिटं, एकांकिका तीस मिनिटं. त्यातून आमच्या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतली किती मुलं पुढे आली, हे मी स्वतः पाहिलंय. पण त्याचबरोबर गॅदरिंगमधलं नाटकही तीस मिनिटांचं झालं. तिसरं कारण सेमिस्टर. वार्षिक परीक्षा असताना गॅदरिंग आणि परीक्षा यांच्यात श्वास घ्यायला जागा होती. आता पहिल्या सत्राची परीक्षा, निकाल, दुसऱ्या सत्राचे अंतर्गत गुण, मध्ये कसेबसे तीन दिवस : एक दिवस डेज, एक दिवस स्टेज, एक दिवस बक्षिसं आणि तिसऱ्या वर्षाचा निरोप. 2020 च्या मार्चनंतर काही काळ तेही नव्हतं.

तर आता चूक. पहिल्या प्रकरणाच्या कच्च्या मसुद्यात मी लिहिलं होतं की अमुक एका कॉलेजात 1980 च्या दशकाच्या मध्यापर्यंत विद्यार्थिनी नाटकात काम करत नव्हत्या. पुरावा भक्कम वाटत होता. तीन वर्षांचे अंक, त्यात एकांकिकांच्या पात्रयाद्या, एकाही मुलीचं नाव नाही. स्त्रीपात्रं मुलांनीच केलेली किंवा नाटकच स्त्रीपात्रविरहित. तीनच अंक का, तर बाकीचे गठ्ठे तपासणीच्या आधी खोली रिकामी करताना रद्दीत गेले होते. ग्रंथपालांनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांनाही वाईट वाटत होतं, त्यामुळे कॉलेजचं नाव इथे नको.

आमच्या समोरच्या बिल्डिंगमधल्या काकू त्याच कॉलेजच्या. आम्ही जुळे सोलापुरात राहायला आलो तेव्हापासून मी त्यांच्याकडे विरजण मागायला जाते, पण त्या एल.आर. होत्या हे मला माहीत नव्हतं. आईने सहज विषय काढला आणि काकू म्हणाल्या, "कोण म्हणतंय नाटक केलं नाही? मी स्वतः म्हातारा झालते!"

मुलींचा कार्यक्रम वेगळा व्हायचा, दुपारी, लेडीज हॉलमध्ये. प्रेक्षक म्हणजे मुली, मॅडम आणि काहींच्या आया. दाराला आतून कडी. फोटोग्राफर पुरुष, म्हणून फोटो नाही. अहवाल लिहिणारा जी.एस. मुलगा, त्याने काही बघितलंच नाही, तर लिहिणार काय? संध्याकाळच्या मुख्य कार्यक्रमाला मुली पहिल्या तीन रांगांत बसत आणि साडेसातच्या आत घरी. मुलींच्या त्या नाटकात धोतर नेसवायला शिपाईमामांना बोलवावं लागलं होतं. ते डोळे मिटून नेसवत होते म्हणे आणि पहिल्याच प्रवेशात ते सुटलं. हे सांगताना काकू इतक्या हसल्या की चहा सांडला.

मी घरी येऊन मसुद्यातलं ते वाक्य खोडलं. पण लगेच उलटं वाक्यही लिहिता येत नव्हतं. एकाच व्यक्तीची, जवळजवळ चाळीस वर्षांपूर्वीची आठवण. वर्ष एखाद-दोनाने चुकू शकतं, दोन कार्यक्रम एकात मिसळू शकतात. मौखिक इतिहास म्हणजे काकू बोलल्या आणि आपण उतरवून घेतलं असं नसतं. त्याला दुसरा आधार शोधावा लागतो. मी पुन्हा कॉलेजात गेले आणि या वेळी अंकांकडे न जाता ऑफिसच्या कपाटातली किर्द मागितली. क्लार्कसाहेबांनी आधी संशयाने पाहिलं. हिशोबाचं नाव काढलं की कोणीही तसंच पाहतं. दोन वर्षांच्या किर्दी निघाल्या. त्यांपैकी एकीत फेब्रुवारी महिन्यात ओळ होती : 'लेडीज विभाग, मेकअप सामान भाडे व चहा'. रक्कम किरकोळ. त्याखाली काकूंची सही, लग्नाआधीच्या आडनावाने.

वार्षिक अंक हा कॉलेजला स्वतःबद्दल काय दाखवायचं होतं ते सांगतो. किर्दीला काही दाखवायचं नसतं, तिला फक्त जमा-खर्चाचा मेळ घालायचा असतो. माझ्या विषयात तरी चहाच्या आणि भाड्याच्या नोंदींनी अध्यक्षीय भाषणांपेक्षा जास्त मदत केली आहे. तुमचा विषय सहकारी सोसायटीचा असो, गणेश मंडळाचा असो की वाचनालयाचा, हिशोबाची वही आहे का, हे पहिल्या भेटीत विचारून ठेवा. रद्दीवाला नंतर विचारायला थांबत नाही.

एक गट माझ्या सगळ्याच कागदांतून सुटतो. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 साली सुरू झालं तेव्हापासून कितीतरी कामकरी माणसं अभ्यासकेंद्रांवर येऊन पदवीधर झाली. आमच्या शहरात त्यांत यंत्रमागावर काम करणारे असतात, विड्या वळणाऱ्या बायका असतात. रविवारी तास, बाकी सहा दिवस मजुरी. त्यांच्या सत्राच्या शेवटी काय असतं? स्टेज नाही, अंक नाही, किर्दीत चहाची ओळ नाही. पण तासानंतर कुणीतरी भेळ आणली असेल, शेवटच्या पेपरला कुणीतरी ग्रुप फोटो काढला असेल. माझा काळ आणि माझी पानं यांत हे बसत नाही. कुणाला विषय हवा असेल तर हा घ्या. यात कागद कमी आणि फिरणं जास्त लागेल.

काकूंची मुलाखत रीतसर रेकॉर्ड केली. संमतिपत्रात एक रकाना असतो, नाव गुप्त ठेवायचं का? मी 'होय'वर खूण करून ठेवली होती, सवयीने. त्यांनी चष्मा लावून फॉर्म पूर्ण वाचला, ती खूण खोडली आणि म्हणाल्या, "अगं, तेव्हा छापलं नाही, आता तरी छापा की." खाली सही केली ती किर्दीतल्याच आडनावाने. मग फोन काढून त्या नाटकातल्या तिघींचे नंबर दिले. एक हैदराबादला आहे, एक पुण्यात, आणि जिने नायिका केली होती ती अक्कलकोटला. रविवारी अक्कलकोटची एस.टी. पकडायची आहे, काकूही येणार म्हणतायत.