माहुली : एका राज्याचा शेवटचा मुक्काम

लंडन येथे इतिहासाचे शिक्षण घेणारी आमची भाची गेल्या नाताळच्या सुटीत शहापुरास आमच्या घरी आली होती. तिकडे सोबतच्या विद्यार्थ्यांबरोबर एक दिवस लंडनचा टॉवर पाहून आल्याची हकीकत ती मोठ्या हौसेने सांगत असे. विल्यम राजाने उभारलेला तो श्वेत बुरूज, तेथील राजरत्ने, हे सारे तिने वर्णिले. पण तिचे मन गुंतले होते ते दोन मुलांत. १४८३ साली बारा वर्षांचा पाचवा एडवर्ड व त्याचा नऊ वर्षांचा भाऊ रिचर्ड यांस त्या गढीत ठेवण्यात आले आणि पुढे ते कोणाच्या दृष्टीस पडले नाहीत. ती म्हणाली, "मामा, ज्या बुरुजात ती मुले होती असे सांगतात, तेथे आल्यावर माणसे आपोआप गप्प होतात."

आम्ही म्हणालो, "असाच एक बालराजा आपल्या डोंगरावरही राहून गेला आहे. उद्या चल."

दुसरे दिवशी पहाटेच आम्ही निघालो. आसनगाव स्थानकापासून थोड्या मैलांवर माहुली गाव लागते. तेथून साग व बांबूच्या रानातून वाट चढू लागते. गड सुमारे २,८०० फूट उंच. वस्तुतः ही तीन गडांची जोडगोळी आहे : उत्तरेस पळसगड, मध्ये माहुली, दक्षिणेस भंडारगड. शेवटच्या कड्याला लोखंडी शिडी आहे. ती चढून माथ्यावर आलो, तळ्याकाठी भाकरी सोडली, आणि महादरवाजालगतच्या देवड्यांत सावलीला बसून आम्ही तिला हकीकत सांगू लागलो.

१६३३ साली दौलताबादचा किल्ला मोगलांनी घेतला व हुसेन निजामशहा त्यांच्या हाती सापडला. निजामशाही संपली असे दिल्लीने धरले. परंतु शहाजीराजे भोसल्यांनी ते मानिले नाही. निजामशाही वंशातील मुर्तजा नावाचे एक अल्पवयी मूल त्यांनी संगमनेराजवळील पेमगिरीवर गादीवर बसविले आणि त्याच्या नावाने तीन वर्षे राज्य चालविले. एका बुडालेल्या घराण्याचे छत्र मराठा सरदाराने उचलून धरावे, आणि त्याच्या आधारे जुन्नरापासून कोकणापर्यंतचा मुलूख राखावा, हे धाडस लहान नव्हे.

ते मोडण्यासाठी १६३६ साली शहाजहान बादशहा जातीने दक्षिणेत उतरला. त्याने विजापूरकरांशी तह केला आणि निजामशाही मुलूख दोघांनी वाटून घेतला. शहाजीराजांचा पाठीराखाच शत्रूस मिळाला. मोगलांचा खानजमान व विजापूरचा रणदुल्लाखान यांनी त्यांचा पाठलाग चालविला. पोर्तुगीजांकडे आसरा मागितला, तो मिळाला नाही. अखेर राजे माहुलीवर आले. दोन्ही फौजांचा वेढा पडला. मोगलांच्या चाकरीत घ्या, असेही त्यांनी म्हणून पाहिले. पण तहाप्रमाणे आदिलशहाकडेच जावे, असे उत्तर आले. त्यांस गड द्यावा लागला, इतर किल्ले द्यावे लागले, आणि मुर्तजासही स्वाधीन करावे लागले.

येथे भाचीने आम्हांस थांबविले. "त्या मुलाचे पुढे काय झाले?"

त्याची रवानगी ग्वाल्हेरच्या किल्ल्यात बंदिवासात झाली. तेथे आधीच दोन निजामशहा कैदेत होते, असे बादशाही इतिहासकार लिहितो. एकाच राज्याचे तीन राजे एकाच तुरुंगात!

ती पुष्कळ वेळ बोलली नाही. नंतर म्हणाली, "ज्याने त्याला राजा केले, त्यानेच त्याला सोपविले."

हा बोल कठोर आहे, परंतु खोटा नाही. शहाजीराजांपुढे दुसरा मार्ग नव्हता, असे आम्ही मानतो. दोन सत्तांच्या कचाट्यात एक गड किती दिवस टिकणार? पण निरुपाय होता म्हणून त्या मुलाचे दुःख नाहीसे होत नाही. शहाजीराजांस पुढे आदिलशहाच्या चाकरीत दूर कर्नाटकात जावे लागले. पुण्याची जहागीर मात्र राहिली. तिच्यावर वाढलेल्या पुत्राने पुढे परक्याच्या गादीचा आडोसा न घेता स्वतःचे सिंहासन उभारिले. माहुलीच्या पराभवातून घराण्याने घेतलेला धडा आम्हांस त्यात दिसतो.

आम्हां मराठी माणसांस माहुली आठवते ती निराळ्या सनावळीने. १६५८ च्या जानेवारीत शिवाजीमहाराजांनी गड घेतला. १६६५ च्या पुरंदरच्या तहात दिला. १६७० च्या फेब्रुवारीत छापा घातला तेव्हा किल्लेदार मनोहरदास गौड याने तो उधळून लावला व मराठ्यांची सुमारे हजार माणसे पडली. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोपंत पिंगळ्यांनी तो जिंकला. यातील १६७० चे अपयशही आम्ही सांगतो, कारण त्यापुढे लगेच जय येतो. १६३६ पुढे जय यावयास बावीस वर्षे लागली. म्हणून आमची जीभ तेथे अडखळते.

दुपारनंतर भंडारगडाच्या टोकापर्यंत जाऊन समोरचे नवरा-नवरीचे सुळके पाहिले व परत फिरलो. शिडीपाशी चार-पाच शाळकरी पोरे चढून येत होती. त्यांतील एकाने विचारले, "हा गड महाराजांनी कधी घेतला हो?"

आजवर कित्येक पाहुण्यांस आम्ही गड दाखविला आणि प्रत्येक वेळी १६५८ पासूनच आरंभ केला. त्या दिवशी मात्र आम्ही शिडीजवळच्या दगडावर बसलो, आणि म्हणालो, "ते सांगतो. पण त्याआधी येथे तुमच्याहून फार मोठा नसलेला एक राजा राहत असे."

पोरे बसली. भाची त्यांच्या मागे उभी राहून ऐकत होती.