नवा कन्सोल आला, जुन्याचे काय?

नवा गेम कन्सोल बाजारात आला, की जुन्याचे पुढे काय, हा प्रश्न सर्वप्रथम ग्राहकाला पडतो. यंत्रावर त्याने एकदाच खर्च केलेला असतो. गेमवर मात्र वर्षानुवर्षे पैसे घातलेले असतात. या प्रश्नाला कंपन्यांनी दिलेली उत्तरे वेगवेगळी आहेत.

सोनीचा 'प्लेस्टेशन २' मार्च २०००मध्ये जपानमध्ये दाखल झाला. पहिल्या प्लेस्टेशनचे बहुतेक गेम त्यावर चालत. त्याच वर्षी सोनीने जुन्या यंत्राची 'पीएस वन' ही आटोपशीर आवृत्तीही बाजारात आणली. पुढे 'प्लेस्टेशन ३' नोव्हेंबर २००६मध्ये आला, तरी 'प्लेस्टेशन २'चे उत्पादन सुरूच राहिले. ते बंद झाल्याची घोषणा जानेवारी २०१३मध्ये झाली. दरम्यान अमेरिकेतील त्याची किंमत २९९ डॉलरवरून २००९मध्ये ९९ डॉलरवर आली होती. एकूण विक्री १५ कोटींच्या पुढे गेली.

याचा लाभ भारतासारख्या किमतीबाबत चोखंदळ बाजारपेठांना झाला. हैदराबादेत तयार झालेला 'हनुमान : बॉय वॉरियर' हा गेम २००९मध्ये, तर मुंबईच्या ट्राइन गेम्सचा 'स्ट्रीट क्रिकेट चॅम्पियन्स' २०१०मध्ये आला. दोन्ही वेळा नवा कन्सोल उपलब्ध असूनही निवड झाली ती 'प्लेस्टेशन २'ची.

मायक्रोसॉफ्टचा अनुभव उलटा होता. २००१च्या पहिल्या 'एक्सबॉक्स'मधील मुख्य चिप इंटेल व एनव्हिडिया यांच्या होत्या. त्यामुळे उत्पादनखर्च कमी करण्यास फारसा वाव नव्हता आणि प्रत्येक यंत्रामागे तोटा होत होता. 'एक्सबॉक्स ३६०' २००५मध्ये येताच कंपनीने जुन्याकडे पाठ फिरवली. त्याची ऑनलाइन सेवा एप्रिल २०१०मध्ये थांबली.

जुने गेम नव्या यंत्रावर चालवण्याची सोयही फुकट मिळत नाही. सुरुवातीच्या 'प्लेस्टेशन ३'मध्ये त्यासाठी जुन्या यंत्राच्या चिप बसवल्या होत्या. खर्च घटवताना २००७च्या अखेरीस आलेल्या ४० जीबीच्या मॉडेलमधून ही सोय वगळण्यात आली.

गेम डिस्कऐवजी इंटरनेटवरून विकले जाऊ लागल्यावर हा प्रश्न अधिक बिकट झाला. निन्टेन्डोने 'वी यू' व '३डीएस' यांची ऑनलाइन दुकाने मार्च २०२३मध्ये खरेदीसाठी बंद केली. 'एक्सबॉक्स ३६०'चे दुकान जुलै २०२४मध्ये बंद झाले. सोनीनेही २०२१मध्ये 'प्लेस्टेशन ३'चे दुकान बंद करण्याचे जाहीर केले होते; मात्र ग्राहकांच्या नाराजीनंतर काही आठवड्यांतच निर्णय मागे घेतला.

डिस्क हाताशी असेल, तर यंत्र चालू असेपर्यंत बहुतेक गेम खेळता येतो. केवळ इंटरनेटवर विकल्या गेलेल्या गेमचे आयुष्य मात्र कंपनीच्या सर्व्हरवर अवलंबून असते. त्यामुळे कन्सोल घेताना किमतीइतकाच विचार कंपनीच्या पूर्वेतिहासाचाही करायला हवा.