राजम्याचा अर्क आणि टी पेशीची भूक

लिम्फोसाइट ही रक्तातली पांढरी पेशी वाढ संपलेली असते, तिचं पुन्हा विभाजन होत नाही, असाच १९६० पर्यंत समज होता. फिलाडेल्फियात पीटर नॉवेल तेव्हा ल्युकेमियाच्या पेशी काचपात्रात वाढवत होते. रक्तातल्या तांबड्या पेशी वेगळ्या काढायला राजम्याचा अर्क वापरायची पद्धत होती. त्याने त्या एकमेकींना चिकटून तळाशी बसतात. पण उरलेल्या पांढऱ्या पेशी, अगदी निरोगी माणसाच्यासुद्धा, फुगल्या आणि दुभंगू लागल्या. नॉवेलनी अर्क वगळून पाहिला, तर विभाजन होईना. हे काम अर्कातल्या फायटोहिमॅग्लुटिनिन या प्रथिनाचं होतं. कच्चा राजमा पोटात गेला की उलट्या होतात त्याही याच प्रथिनाने. साताऱ्याकडचा वाघ्या घेवडा याच जातीचा, म्हणून तोही चांगला उकळूनच खावा.

झोपलेली लिम्फोसाइट हवी तेव्हा जागी करता येऊ लागली, ही मोठीच गोष्ट होती. प्रतिसाद देणाऱ्या त्या मुख्यतः टी पेशी, म्हणजे लिम्फोसाइटचाच एक प्रकार, हे पुढे उलगडलं. जाग्या झालेल्या पेशी ग्लुकोज भराभर ओढून घेतात आणि भरपूर लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात, हे त्याच दशकात दिसलं.

हे लक्षण विज्ञानाला ओळखीचं होतं, पण वाईट अर्थाने. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये ओटो वॉरबुर्गनी गाठींचे पातळ काप घेऊन दाखवलं होतं, की ऑक्सिजन मुबलक असतानाही कर्कपेशी ग्लुकोजचं लॅक्टिक आम्ल करतात. या वाटेने ग्लुकोजच्या एका रेणूमागे एटीपी या ऊर्जावाहकाचे दोनच रेणू हाती लागतात; पूर्ण ज्वलनात तीसच्या आसपास. कर्कपेशीची श्वसनयंत्रणाच बिघडलेली असते, असा निष्कर्ष वॉरबुर्गनी काढला. टी पेशीत तर तसा काही बिघाड नव्हता! राजम्याच्या प्रयोगांनी या निष्कर्षाला तेव्हाच धक्का द्यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं. पण रोगप्रतिकाराचे अभ्यासक तेव्हा प्रतिपिंडांत आणि पेशींवरच्या ग्राहकांत (रिसेप्टर) गुंतले होते.

निरोगी टी पेशी असं का वागते, याचं उत्तर २००२ मध्ये पुन्हा फिलाडेल्फियातूनच आलं. टी पेशीच्या पृष्ठभागावर सीडी२८ हा ग्राहक असतो. त्याला इशारा मिळाला की पेशी गरजेपेक्षाही जास्त ग्लुकोज घेते, असं क्रेग थॉम्पसन यांच्या गटाने दाखवलं. म्हणजे किती खायचं हे पेशी एकटी ठरवत नाही. शिवाय वाढणाऱ्या पेशीला ऊर्जेइतकाच कच्चा मालही लागतो, आणि तो ग्लुकोजच्या अर्धवट विघटनातून मिळतो.

मला सर्वांत विलक्षण वाटतो तो २०१३ चा शोध. जीएपीडीएच हे ग्लुकोज फोडणारं एक विकर. ग्लुकोजचं विघटन मंदावलं की ते रिकामं होतं आणि इंटरफेरॉन-गॅमाच्या संदेशवाहक आरएनएला जाऊन चिकटतं. मग दाह पेटवणारं ते प्रथिन पुरेसं बनत नाही. एरिका पीअर्स यांच्या सेंट लुईसच्या प्रयोगशाळेने हे दाखवलं. दाह आवरणाऱ्या नियामक टी पेशी मात्र मेदाच्या ज्वलनावर जास्त भिस्त ठेवतात.

या धाग्याला आणखी एक जुना धागा येऊन मिळाला. १९५९ मध्ये वॉल्टर श्वेकेंडीक या जर्मन रसायनज्ञाने स्वतःच्या सोरायसिसवर फ्युमॅरिक आम्लाचे उपचार करून पाहिले होते. त्याच कुळातलं डायमिथाइल फ्युमरेट २०१३ पासून अमेरिकेत मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांना दिलं जातं. ते जीएपीडीएचलाच निष्क्रिय करून दाह पेटवणाऱ्या पेशींची ग्लुकोजची वाट अडवतं, हे २०१८ मध्ये समजलं.